टिपणिसांची एस्प्रेसो

दिगंबर टिपणीस चहा पिणाऱ्या माणसांची कीव करत. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत ते स्वतः चहाच पीत होते आणि कारखान्यातून घरी आल्यावरचा चहा तर बशीत ओतून, फुर्रकन आवाज करत पीत. कॉफीचं यंत्र घरात आलं त्या आठवड्यापासून चहा हा त्यांच्या लेखी अडाण्यांचा काढा झाला. सोसायटीच्या सभेत चहाचा ट्रे समोर आला की ते तळहात आडवा धरत आणि शेजारच्या खुर्चीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणत, "नाही हो, मी ते बंद केलं."

ऐरोलीला आमचे फ्लॅट समोरासमोर होते. काळ नव्वदच्या दशकाचा मध्य. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांसाठी पंप बनवणारी एक कंपनी होती. तिथे टिपणीस जोडणी आणि चाचणी विभागाचे प्रमुख होते. म्हणजे पंप जुळवून झाला की तो ठरलेला दाब धरतो की नाही, हे तपासून त्याला बाहेर सोडण्याची जबाबदारी त्यांची. कंपनीचा करार इटलीतल्या एका फर्मशी होता. तिकडून रोवेत्ता नावाचे एक वयस्क इंजिनिअर वर्षातून एकदा येऊन काही आठवडे राहत. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर त्यांनी स्वतःपुरतं एक छोटं एस्प्रेसो यंत्र आणून ठेवलं होतं. एका वर्षी निघताना सामान जास्त झालं, म्हणून ते यंत्र त्यांनी विमानतळावर सोडायला आलेल्या टिपणिसांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी येईन तेव्हा तुमच्या हातची कॉफी पाजा."

निरोप घेताना माणसं असं काहीतरी बोलतात. टिपणिसांनी ती नेमणूक समजली. कंपनीचे वर्क्स मॅनेजर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्या जागी कोण, यात इटलीचा शब्द चालणार होता आणि इटलीचा शब्द म्हणजे रोवेत्ता. या तीन गोष्टी जोडून टिपणिसांनी असा निष्कर्ष काढला की ती जागा कॉफीच्या कपातून मिळणार आहे.

"थिअरी क्लिअर पाहिजे," हे त्यांचं पालुपद होतं. गॅसचा सिलिंडर बदलताना, गणपतीची आरास बांधताना, मुलगी दहावीच्या गणितात अडली तेव्हा, प्रत्येक वेळी ते हे वाक्य म्हणत आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागे. यंत्राच्या बाबतीत त्यांची थिअरी सुरुवातीला अशी होती की यंत्र परदेशी आहे, तेव्हा आत काहीही घातलं तरी बाहेर एस्प्रेसो येईल. पहिल्या सकाळी त्यांनी बाटलीतली इन्स्टंट कॉफी यंत्राला अडकवायच्या दांडीच्या वाटीत दाबून भरली. पाणी सुटताच ती विरघळली आणि काळ्या पाण्याची पिचकारी कपात, कपाबाहेर, ओट्यावर गेली.

माझी ड्युटी दुपारनंतर असे, त्यामुळे सकाळी मी घरी सापडत असे. मला बोलावण्यात आलं. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. टिपणीस मला 'पत्रकार' म्हणत आणि माझं मत छापील असतं असं समजत.

"काय पत्रकार? बोला!"

"कडू आहे."

"असणारच! एस्प्रेसो आहे ती. तुम्हाला सवय नाही." मग कपावर आलेला बुडबुड्यांचा पांढरा फेस बोटाने दाखवत म्हणाले, "हा क्रेमा. इटलीत ह्यावरून माणूस ओळखतात."

त्यांच्या पत्नी शैलावहिनी ओटा पुसत होत्या. "इथे ओट्यावरून ओळखतात," त्या म्हणाल्या.

माहितीपुस्तिका इटालियन भाषेत होती. ती त्यांनी कंपनीतल्या टायपिस्टकडून शब्दकोश लावून इंग्रजीत करून घेतली, कंपनीच्या वेळेत. त्यात दळलेली कॉफी वापरा असं निघालं. टिपणिसांनी चेंबूरहून फिल्टर कॉफीची पूड आणली. त्या पुडीत चिकोरी होती आणि ते पाकिटावर लिहिलेलं होतं. पाकीट वाचणं त्यांच्या थिअरीत बसत नव्हतं. चिकोरी पाणी पिऊन फुगली आणि तिचा चिखल होऊन वाटीची जाळी बंद झाली. यंत्रातला पंप घरघरत राहिला, कपात थेंब पडेना. तेव्हा टिपणिसांनी, आत दाब कोंडलेला असताना, दांडी हिसका देऊन बाहेर काढली. पंपांचा दाब तपासण्यावर पगार घेणाऱ्या माणसाने केलेली ही कृती आहे. स्फोटासारखा आवाज झाला. मी धावत गेलो तेव्हा चिखल छतावर, ट्यूबलाइटवर आणि वहिनींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर होता. टिपणिसांच्या कपाळावरून एक ओघळ नाकाकडे निघाला होता.

"तू मधेच मिक्सर लावलास," ते पत्नीला म्हणाले. "व्होल्टेज पडलं."

"अहो, मिक्सर गेल्या गुरुवारपासून दुरुस्तीला आहे. तुम्हीच त्यात बिया फिरवून जाळलात."

"मग फ्रिज असेल."

चूक त्यांच्याकडून झाली असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. चूक व्होल्टेजची असे, पाण्याची असे, नवी मुंबईच्या दमट हवेची असे आणि यातलं काहीच लागू पडत नसेल तेव्हा शैलावहिनींची असे.

बियांचं खरं होतं. चिकोरीच्या पुडीआधी त्यांनी अख्ख्या भाजलेल्या बिया आणून पाहिल्या होत्या, पण मिक्सरमध्ये अर्ध्या बियांचा रवा आणि अर्ध्यांचं पीठ होई. मिक्सर जळालेला, पुडीत चिकोरी, म्हणून उरलेल्या बिया घेऊन ते थेट ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तळवलीला गेले, म्हात्र्यांच्या पिठाच्या गिरणीत. मला स्कूटरवर मागे बसवलं, कारण पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं. म्हात्रे मूळचे तिथलेच. भातशेती गेली होती, पण त्या जागी त्यांच्या दोन चाळी आणि एक इमारत उभी होती, आणि गिरणी ते केवळ बसायला जागा म्हणून चालवत असावेत. गळ्यात साखळी, अंगात बनियन, पुढ्यात वर्तमानपत्र. पिशवीत डोकावून ते म्हणाले, "यो काय हाय, साहेब?"

"कॉफी. बारीक दळा. एकदम युनिफॉर्म."

"गव्हाच्या जात्यात नाय टाकनार. गिऱ्हाइकांच्या चपात्या काळ्या होतील. मसाल्याच्या मशिनवर करतो. पन आताच मिरची काढलीय, बोलून ठेवतो हां."

"झाडून घ्या की."

"झाडतो. मागून भांडायला यायचा नाय."

"अहो, ह्यात पार्टिकल साइझ महत्त्वाचा. वासाचं काही नसतं. थिअरी क्लिअर पाहिजे."

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशिनवरून एकदा फडका मारला आणि बिया आत ओतल्या.

त्या कॉफीचा पहिला घोट मी घेतला आणि तो घशाशी पोचण्याआधी मला ठसका लागला. टिपणिसांनी स्वतःचा कप सावकाश संपवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हा डार्क रोस्टचा झणका," ते म्हणाले. "बाहेर ह्यालाच किंमत आहे." वहिनींनी उरलेली पूड डब्यात भरली आणि डब्यावर 'मिसळ' अशी चिठ्ठी लावली.

इथपर्यंत टिपणीस सोसायटीतल्या कुठल्याही बढाईखोर माणसापेक्षा वेगळे नव्हते. त्यानंतर मात्र त्यांनी ते काम गंभीरपणे घेतलं, आणि खरा तिरस्कार वाटावा असं जे काही आहे ते इथून सुरू होतं.

मिरचीच्या प्रकरणानंतर त्यांना कळलं की सगळ्याचं मूळ दळण्यात आहे. त्यांनी टूलरूममधल्या कदमला कडक पोलादाच्या दोन दातेरी चकत्या कातायला सांगितल्या. कदम साताऱ्याकडचा, दिघ्यात राहणारा. रविवारी सकाळी तो चकत्या घेऊन दारात उभा होता. माझं दार उघडं होतं.

"साहेब, हे झालं बघा. पन ते बडोद्याच्या ऑर्डरच्या पंपाचं कव्हर तसंच राहिलंय मशीनवर. उद्या ते आधी घिऊ का?"

"बडोदा कुठे पळून चाललंय, कदम? ह्याची फिनिश बघ. इथे खरखर लागते. परत घे हे."

"आवो साहेब, शिफ्ट..."

"परत घे म्हटलं ना."

कदमने त्या चकत्या तीनदा परत नेल्या. चौथ्यांदा टिपणिसांनी त्या नखाने तपासल्या, प्रकाशात धरल्या आणि पास केल्या. मग त्यांच्यासाठी मूठ आणि पेटी झाली. वाटीत कॉफी दाबायचा पितळी दट्ट्या झाला, वाटीच्या व्यासाला तंतोतंत. प्रयोगशाळेतला वजनकाटा घरी आला. बिया भाजल्याचा दिवस ते चेंबूरच्या दुकानदाराला विचारून घेऊ लागले आणि फार ताज्या किंवा फार जुन्या बिया परत करू लागले. दट्ट्यावर किती जोर द्यायचा ते कळावं म्हणून वाटी माणसं तोलायच्या काट्यावर ठेवून दाबण्याचा सराव करू लागले. शेवटी त्यांनी यंत्राच्या डोक्याला एक नळी काढून दाब दाखवणारं प्रेशर गेज बसवलं. हे गेज विभागाच्या टेस्ट बेंचवरचं, पंप तपासायचं होतं. सगळ्यांत चांगलं, नुकतंच प्रमाणित होऊन आलेलं, कंपनीच्या क्रमांकाची पत्र्याची पट्टी अजून गळ्यात असलेलं.

"मग तिथे काय लावलंत?" मी विचारलं.

"जुनं आहे की. काटा जरा अडकतो. पण आमच्या पोरांना हाताच्या अंदाजाने कळतं हो. वर्षानुवर्षं करतायत." गेजच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून त्यांनी ती रुमालाने पुसली. "इथे अंदाज चालत नाही. दाब नऊ बार म्हणजे नऊच."

घराला शिस्त लागली. सकाळची कॉफी निघेपर्यंत स्वयंपाकघरात फोडणी द्यायची नाही, कारण वासाने त्यांचा अंदाज बिघडे. कांदा चिरायचा नाही. उदबत्ती लावायची नाही. "माझ्या मोहरीलासुद्धा आता ह्यांच्या कॉफीची परवानगी लागते," वहिनी मला जिन्यात म्हणाल्या. मुलगी कोरडा पाव खाऊन शाळेत जाई. टिपणीस मान तिरकी करून, डोळा कपाच्या उंचीला आणून उभे राहत. पंचवीस सेकंदांत धार उतरली नाही, किंवा आधीच उतरली, तर कप बेसिनमध्ये ओतून पुन्हा पहिल्यापासून. जाळी धुवायची, रबरी वायसर पुसायचा, चकत्या ब्रशने झाडायच्या. आळस नाही, घाई नाही, कुणावर ढकलणं नाही.

आणि कॉफी उत्तम होऊ लागली. हे लिहिणं भाग आहे. तांबूस काळी धार सुतळीसारखी उतरे, कपावर साईसारखा दाट थर धरे आणि साखर टाकली तर ती क्षणभर वर थांबून मग बुडे. कडवटपणा जिभेवर येऊन लगेच सरे, आणि मागे भाजलेल्या बदामासारखी चव राही. त्यानंतर अनेक शहरांत, अनेक महागड्या ठिकाणी मी एस्प्रेसो प्यायलो. टिपणिसांच्या ओट्यावरच्या कपाच्या तोडीची क्वचित मिळाली.

त्याच महिन्यांत बडोद्याला गेलेले पंप परत येऊ लागले. चालू केल्यावर काही दिवसांत सील गळे. टिपणिसांनी चौकशी केली आणि अहवाल दिला. टेस्ट बेंचवरच्या दोन कामगारांना कामात हयगय केल्याबद्दल मेमो मिळाले आणि दोघे निलंबित झाले. त्यांतला एक कदमचा शेजारी होता. तो दिघ्याहून दोनदा टिपणिसांच्या घरी भेटायला आला. दोन्ही वेळा टिपणीस कॉफी काढत होते, आणि त्यांनी आतून निरोप पाठवला की प्रोसेस चालू आहे, कारखान्यात भेटा. निलंबित माणसाला कारखान्याच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

ठरल्याप्रमाणे रोवेत्ता आले. या खेपेला ते परत आलेल्या पंपांसाठी आले होते, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. टिपणिसांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं. इंग्रजी बोलणारा माणूस टेबलाशी असावा म्हणून. माझी ओळख 'एडिटर' अशी करून देण्यात आली.

"अहो, ते पंपांचं बघायला आलेत ना?" सकाळी वहिनींनी विचारलं होतं. "तुम्ही त्या कागदांवर जरा नजर तरी टाका. विचारतील."

"कागद काय, चालूच असतात. माणूस शेवटी लक्षात काय ठेवतो, शैला? पाहुणचार." नव्या शर्टाच्या बाह्या दुमडत ते पुढे म्हणाले, "आज काम झालं की झालं. वर्क्स मॅनेजरला बेलापूरला बंगला मिळतो. तिथे तुला दोन ओटे करून देतो. एकावर घाल फोडण्या."

रोवेत्ता शांत, किडकिडीत गृहस्थ होते. वरण-भात आणि बटाट्याची भाजी त्यांनी मन लावून खाल्ली, श्रीखंड दोनदा घेतलं. जेवणात ते पंपांबद्दल काही बोलले नाहीत. मग टिपणीस उठले. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. पहिला कप निघाला. रोवेत्तांनी तो उभ्याउभ्याच घेतला, दोन घोटांत संपवला आणि डोळे मिटले.

"माझ्या आईच्या गावातली कॉफी," ते इंग्रजीत म्हणाले. "हे तुम्ही कसं केलंत?"

टिपणीस या प्रश्नाची वर्षभर वाट पाहत होते. ते सांगू लागले आणि सांगता सांगता त्यांनी दुसरा कप लावला. चकत्या दाखवल्या, किती वेळा परत पाठवल्या ते सांगितलं. दट्ट्या, वजनकाटा, पंचवीस सेकंद. मग गेजवर टिचकी मारून म्हणाले, "आणि हे. नऊ बार. सव्वानऊ झाले तरी मी कप फेकतो."

रोवेत्तांनी खिशातून चष्मा काढला, वाकले आणि गेजच्या गळ्यातली पट्टी वाचली.

"हे आपल्या कंपनीचं आहे?"

"माझ्या विभागाचं, सर! नुकतंच कॅलिब्रेट केलेलं. एकदम अचूक."

"मग पंप कशाने तपासतात?"

मागे दुसऱ्या कपाची धार चालूच होती. टिपणीस हसले. प्रश्न त्यांच्या ध्यानात आला नव्हता. "माणसं अनुभवी आहेत, सर. त्यांना अंदाज आहे."

"ज्यांना तुम्ही निलंबित केलंत, ती माणसं?"

आता टिपणिसांनी वळून घाईघाईने यंत्र बंद केलं. कप काठोकाठ भरला होता, थर फिकट पडला होता. तो त्यांनी तसाच रोवेत्तांसमोर धरला. रोवेत्तांनी तो हातात घेतला नाही. टिपणिसांनी तो ओट्यावर ठेवला.

"टेस्ट बेंच आज बघता येईल?"

"आज रविवार आहे, सर."

"किल्ली तुमच्याकडेच असते ना?" मग ते शैलावहिनींकडे वळले आणि हाताने पिळल्यासारखी खूण करून काहीतरी मागितलं. वहिनींना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण त्यांनी तत्काळ खणातून पान्हा काढून दिला. रोवेत्तांनी स्वतः गेज सोडवलं, टेबलावरच्या नॅपकिनात गुंडाळलं आणि जेवणाबद्दल वहिनींचे आभार मानून जिना उतरू लागले. टिपणीस चपला शोधत त्यांच्या मागे धावले.

त्या दुपारी पाठवणीसाठी तयार असलेले पंप खरं गेज लावून तपासले गेले. बहुतेक नापास झाले. दोघा कामगारांचे मेमो मागे घेण्यात आले. वर्क्स मॅनेजरच्या जागी पुण्याहून माणूस आला. टिपणिसांना काढलं नाही. त्यांना विक्रीनंतरच्या सेवेत टाकलं. म्हणजे बडोद्याला जायचं आणि गळणाऱ्या पंपासमोर उभं राहून गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकायच्या.

ऐरोली सोडताना निरोप घ्यायला मी समोर गेलो. टिपणीस बडोद्याच्या फेरीवरून आले होते, बॅग दारातच पडलेली. वहिनींनी चहा टाकला होता आणि फोडणीचा वास सगळ्या घरात होता. नियम उठले असावेत, किंवा वहिनींनी ते उठवले असावेत. यंत्र मात्र जागेवर होतं. गेजच्या जागी झाकण बसवलं होतं.

"बसा, पत्रकार. कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही." ते बिया दळू लागले. हात पूर्वीसारखेच चालत होते, काटेकोर. मधेच थांबून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुम्ही होतात तिथे त्या दिवशी. मी फार विचार केलाय ह्यावर. पहिला कप परफेक्ट होता. चूक दुसऱ्यात झाली. बोलण्याच्या नादात जास्त खेचला गेला. कडवट झाला. तिथे माझी वर्क्स मॅनेजरची जागा गेली."

आतून वहिनींनी भांडं आपटल्याचा आवाज आला.

"दुसरा कप त्यांनी हातात घेतलाच नव्हता," मी म्हणालो.

क्षणभर मला वाटलं की आता ते काहीतरी वेगळं बोलतील. त्यांनी मान हलवली, सावकाश, एखादं अवघड गणित सुटल्यासारखी.

"बघा," ते म्हणाले. "नुसत्या रंगावरून ओळखलं त्यांनी."